अनामत, पागडी आणि ओळख : महानगरात नव्याने येणाऱ्याचा खर्च

प्रास्ताविक

तुमच्यापैकी काहीजण नोकरीच्या निमित्ताने यापूर्वीच मोठ्या शहरात स्थिरावले असतील, काहीजण लवकरच जाणार असतील आणि काहींची मुले किंवा धाकटी भावंडे त्या वाटेवर असतील. शहरात जाण्यापूर्वी बहुतेक घरांत एक हिशेब मांडला जातो. पगाराच्या आकड्यातून खोलीचे भाडे, जेवणाचा खर्च आणि रेल्वेचा पास वजा केला जातो. चार पैसे शिल्लक उरताना दिसतात आणि घरातली वडीलधारी मंडळी मान डोलावतात. हा हिशेब बहुधा पहिल्याच आठवड्यात मोडतो. त्यातील एकही आकडा चुकीचा नसतो, आणि तरीही तो मोडतो.

दुसरे एक दृश्य पाहा. मुंबईतील एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर दोन कुटुंबे राहतात. माणसे सारखी, मिळकत सारखी, तांदूळही त्याच दुकानातले. एक कुटुंब तिथे तीस वर्षे आहे, दुसरे गेल्या महिन्यात आले आहे. दोघांच्या जगण्याच्या खर्चात मात्र जमीनअस्मानाचे अंतर असते. शहरातील महागाई सर्वांना सारखीच असते हा समज म्हणूनच तपासून घ्यावा लागतो. ज्याला कोणी ओळखत नाही त्याच्याकडून शहर आगाऊ आणि एकरकमी वसुली करते; ज्याला ओळखते त्याच्याकडून हप्त्याहप्त्याने घेते, किंवा घेतही नाही. नवागताचा खरा खर्च हा या अनोळखीपणाचा खर्च असतो, असे या घटकात मांडावयाचे आहे.

मराठीच्या अभ्यासक्रमात हा विषय कशाला, अशी शंका तुमच्या मनात येईल. व्यवहाराचे जे रूप कायद्याच्या पुस्तकात आणि सरकारी तक्त्यांत सापडत नाही, ते पुष्कळदा शब्दांत टिकून राहते. अनामत, पागडी, खाणावळ, शेकडा, बिऱ्हाड हे शब्द आपण रोज वापरतो. त्यांच्याकडे जरा थांबून पाहिले, तर शहराने नवागताशी कसा व्यवहार केला याचा इतिहास त्यांत वाचता येतो. उदाहरण म्हणून आपण मुंबई घेऊ. प्रस्तुत लेखकाला तेच शहर जवळून माहीत आहे.

१. उंबरठ्यावरचा हिशेब

एक काल्पनिक पण रोजच्या व्यवहाराला धरून असलेले उदाहरण घेऊ. एका तरुणाला मुंबईत महिना २२,००० रुपयांची नोकरी मिळाली आहे. उपनगराच्या टोकाला त्याला १२,००० रुपये भाड्याची एक खोली सापडते. पगार २२, भाडे १२. ओढाताण होईल, पण निभेल, असे त्याला वाटते. आता खोलीची किल्ली हातात पडेपर्यंत काय काय द्यावे लागते ते पाहा. चार महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत धरली तर ४८,००० रुपये. पहिल्या महिन्याचे भाडे आगाऊ, १२,००० रुपये. दलालाची दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी, म्हणजे आणखी १२,००० रुपये. अकरा महिन्यांच्या करारावरील मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के दराने ३४१ रुपये आणि नोंदणी शुल्क १,००० रुपये. बेरीज ७३,३४१ रुपये होते. तीन महिन्यांच्या पगारापेक्षा ही रक्कम मोठी आहे. आणि पहिला पगार तर अद्याप व्हावयाचा आहे. गादी, बादली, शेगडी, दोन भांडी यांचा हिशेब आपण धरलेलाच नाही.

(मुद्रांक शुल्काचा आकडा इतका लहान कसा, असे कोणाला वाटेल. अकरा महिन्यांचे भाडे १,३२,००० रुपये आणि अनामतीवरील दहा टक्के दराने धरलेले त्या मुदतीचे व्याज ४,४०० रुपये, अशा एकूण १,३६,४०० रुपयांवर तो काढला आहे. दलाल ‘कराराचा खर्च’ म्हणून जी रक्कम सांगतो ती पुष्कळदा याहून कितीतरी मोठी असते. आकडेमोड स्वतः करून पाहण्याची सवय ठेवावी.)

‘अनामत परत मिळते, मग तिला खर्च का म्हणावे?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ती रक्कम येते कोठून यात आहे. ज्याच्याजवळ ४८,००० रुपये पडून आहेत त्याला ती ठेव आहे. ज्याच्याजवळ नाहीत तो आईचे दागिने गहाण टाकतो, नातेवाइकांकडून हातउसने घेतो, नाहीतर सावकाराकडे जातो. सावकार सांगतो, ‘शेकडा तीन’. बँकेची जाहिरात वाचण्याची सवय असलेल्या कानाला हा दर स्वस्त वाटतो, कारण तिथे नऊ-दहा टक्के असतात. पण बँकेचा टक्का वर्षाचा असतो आणि गावगाड्यातला ‘शेकडा’ महिन्याचा असतो. ‘दरमहा’ हा शब्द दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेला असतो, म्हणून तो उच्चारला जात नाही. नवख्या माणसाला मात्र ते गृहीतक ठाऊक नसते. शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. ५०,००० रुपयांवर महिना १,५०० रुपये. आपल्या तरुणाचे भाडे आता १२,००० राहिले नाही, ते १३,५०० झाले. आणि ही वाढ ना करारात दिसते, ना पावतीवर. अनुक्त शब्दांचा अर्थ भाषाविज्ञानात शिकवताना मी हेच उदाहरण देतो, कारण येथे न बोललेल्या एका शब्दाची किंमत वर्षाला १६,५०० रुपये पडते.

आता ‘अनामत’ या शब्दाकडे वळू. मुळात तो अरबी. फारसीच्या मार्गाने आपल्याकडे आला. मूळ रूप ‘अमानत’. मराठीत म आणि न यांनी आपापल्या जागा बदलल्या आणि ‘अनामत’ झाले. अशा अदलाबदलीला आपण वर्णविपर्यास म्हणतो. ज्या अरबी धातूपासून हा शब्द सिद्ध झाला, त्याच धातूपासून ‘इमान’ आणि ‘अमीन’ हे शब्द आले आहेत. विश्वास, निर्धास्तपणा, सुरक्षितता असा त्या धातूचा अर्थ. अमानत म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली वस्तू. आजच्या व्यवहारात मात्र जिथे विश्वास नसतो नेमकी तिथेच अनामत मागितली जाते. मालकाच्या सख्ख्या मेहुण्याच्या मुलाला कोणी चार महिन्यांची अनामत मागत नाही.

२. पागडी : शिरावरून हातात

मुंबईत नवागताचा खर्च एकरकमी का झाला, याचे एक कारण कायद्याच्या इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरात जागांची टंचाई झाली. पुढे १९४७ साली ‘मुंबई भाडे नियंत्रण कायदा’ म्हणून सर्वत्र ओळखला जाणारा कायदा आला. त्याने जुन्या जागांची भाडी सामान्यतः सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली आणि भाडेकरूला सहजासहजी बाहेर काढता येणार नाही अशी तजवीज केली. युद्धोत्तर भाववाढीत गरीब भाडेकरूंना त्याने आधार दिला, यात शंका नाही. लालबाग-परळपासून गिरगावापर्यंतच्या चाळींतील मराठी संसार या कायद्याच्या छत्राखाली उभे राहिले.

परंतु गोठवलेल्या भाड्याचा लाभ आत असलेल्याला मिळतो. बाहेर उभ्या असलेल्याला त्याची किंमत मोजावी लागते. महिन्याचे भाडे वाढवता येत नाही म्हटल्यावर मालकाने आणि निघून जाणाऱ्या भाडेकरूनेही प्रवेशाचीच किंमत लावली. हीच पागडी. कायद्याने ती घेणे गुन्हा होता, म्हणून ती रोखीत आणि पावतीविना घेतली जाई. एकदा पागडी दिली, की पुढे पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र भाड्यावर राहता येई. म्हणजे शहरात राहणे स्वस्त आणि शहरात शिरणे महाग, अशी विचित्र रचना तयार झाली. वर उल्लेखिलेल्या दोन कुटुंबांतील अंतराचे एक मूळ येथे आहे.

पागडी हे डोक्यावरचे वस्त्र. आपल्या समाजात ते प्रतिष्ठेचे चिन्ह होते. पागडी उतरवणे म्हणजे मान तुकवणे. जागेसाठी दिलेल्या रकमेला हा शब्द नेमका कोणत्या वाटेने चिकटला, याविषयी अनेक कथा सांगितल्या जातात. त्यांवर विसंबण्याचे कारण नाही. एवढे मात्र पाहण्यासारखे आहे, की ज्या रकमेचा उल्लेखही कागदावर करता येत नव्हता, तिच्यासाठी लोकांनी मानमरातबाचा शब्द निवडला. लाच, नजराणा, चहापाणी या शब्दांच्या शेजारी तो ठेवून पाहा. अवघड देण्याघेण्याला भाषा बहुधा सौजन्याचे नाव देते.

पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक ‘लिव्ह अँड लायसन्स’ तत्त्वावर जागेत राहत होते, त्यांना कायद्यातील दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा दिला. आत असलेल्यांचे भले झाले. मालक मात्र अधिकच बिथरले. रिकामी जागा कुलूपबंद ठेवणे परवडले, पण भाड्याने देणे नको, अशी वृत्ती बळावली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, पागडीला कायदेशीर मान्यता दिली. तोपर्यंत नव्या व्यवहारांचा ओघ अनामतीकडे आणि अकरा महिन्यांच्या कराराकडे वळलेला होता. ‘हेवी डिपॉझिट’ हा त्यातलाच एक प्रकार. भाडे जवळजवळ नाही, पण अनामत लाखांच्या घरात.

तुम्हापैकी जे भाड्याच्या जागेत राहतात त्यांनी आपला करार काढून पाहावा. त्यात ‘भाडेकरू’ हा शब्द बहुधा सापडणार नाही. कायद्याच्या भाषेत तुम्ही ‘लायसन्सी’, म्हणजे परवानाधारक असता. भाडेकरूचा जागेत काही हक्क निर्माण होतो. परवानाधारकाला केवळ वापराची मुभा असते. मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. ‘अकरा महिने केले की नोंदणी लागत नाही’ असे दलाल आजही सांगतात. एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याचीच नोंदणी सक्तीची, या जुन्या नियमातून ही समजूत आली. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार असा करार लेखी असणे आणि नोंदवणे बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी झालेली नसेल आणि वाद उद्भवला, तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हे कलम तुमच्या बाजूचे आहे. अनामत बँकेमार्फत द्यावी आणि तिचा आकडा करारात लिहून घ्यावा, हेही ओघाने आलेच.

जुन्या मराठीत भाड्याने राहणाऱ्याला ‘बिऱ्हाडकरू’ म्हणत. बिऱ्हाड म्हणजे संसारासह केलेला मुक्काम. त्या शब्दात चूल होती, माणसे होती, सण होते. ‘भाडेकरू’ शब्दात पैसा आला. ‘लायसन्सी’त केवळ मुदत उरली.

३. गावाची खोली आणि खाणावळ

आता एक प्रश्न उरतो. कापडगिरण्यांच्या काळात कोकणातून आणि घाटावरून लक्षावधी माणसे मुंबईत आली. त्यांच्याजवळ पागडी नव्हती, अनामतही नव्हती. ती शहरात शिरली कशी?

ती ओळखीवर शिरली. गिरणगावात एकेका गावाच्या किंवा वाडीच्या खोल्या होत्या. दहा बाय बाराच्या जागेत वीस-वीस, कधी त्याहून अधिक माणसे राहत. गिरण्या पाळ्यांमध्ये चालत, म्हणून झोपही पाळीने होई. रात्रपाळीचा माणूस परतला की दिवसपाळीचा उठून त्याला वळकटीची जागा देई. गावाहून आलेला पोरगा पेटी घेऊन थेट अशा खोलीवर जाई. काम लागेपर्यंत त्याच्याकडे कोणी पैसे मागत नसे. लागल्यावर तो आपला वाटा देई आणि पुढे येणाऱ्या दुसऱ्या पोराचा भार उचली. म्हणजे प्रवेशाचा खर्च नाहीसा झाला नव्हता. गावाने तो आधी भरलेला होता आणि नवागताने पुढे फेडावयाचा होता.

गोव्याहून येणाऱ्यांसाठी हीच सोय ‘कूड’ या नावाने होती. धोबी तलाव, माझगाव या भागांत गोव्यातील एकेका गावाचे कूड होते, त्यांतील काही आजही आहेत. जहाजावर नोकरी करणारे खलाशी दोन सफरींच्या मध्ये तिथे उतरत. भिंतीकडेने ओळीने मांडलेल्या पेट्या, एका बाजूला गावच्या संताची वेदी आणि नाममात्र मासिक वर्गणी, असे त्याचे स्वरूप. कोकणीत ‘कूड’ म्हणजे खोली. आपल्याकडे ‘कुडाची भिंत’ म्हणतात. संस्कृतात ‘कुड्य’ म्हणजे भिंतच. एकाच शब्दकुळात आतली जागा आणि तिला बाहेरच्यांपासून वेगळी करणारी भिंत असे दोन्ही अर्थ नांदतात.

ही भिंतही आपण विसरता कामा नये. गावाची खोली म्हटले तरी ती सगळ्या गावाची क्वचितच असे. ती बहुधा एका जातीची, एका भावकीची असे. दलित कामगारांना गिरण्यांच्या विणकाम खात्यात प्रवेश मिळत नसे. धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि त्यात इतर कामगारांना विटाळ वाटे. विणकामाची मजुरी तुलनेने चांगली होती. म्हणजे ओळखीच्या व्यवस्थेने एकाचा प्रवेशखर्च कमी केला, त्याच वेळी दुसऱ्याला कमी मजुरीच्या खात्यात अडवून ठेवले. गिरणगावाच्या आठवणी सांगताना आपण खोलीतला जिव्हाळा आवर्जून सांगतो. विणकाम खात्याच्या या दाराविषयी क्वचित बोलतो.

खोलीत माणसे झोपत, पण जेवत कोठे? येथे ‘खाणावळ’ हा शब्द येतो. व्याकरणदृष्ट्या तो मोठा उद्बोधक आहे. सोनाराकडे दागिना केला की तो सोन्याच्या किमतीखेरीज ‘घडणावळ’ लावतो. त्याच घडणीचे शब्द पाहा : धुणावळ, शिवणावळ, लिहिणावळ, रंगणावळ. क्रियेच्या नावाला ‘आवळ’ जोडले की त्या क्रियेचा मोबदला असा अर्थ होतो. (‘जेवणावळ’ मात्र यांत धरू नका. तिथे मोबदल्याचा संबंध नाही, पंगतीचा आहे.) त्या न्यायाने खाणावळ म्हणजे मुळात खाण्याबद्दल द्यावयाची रक्कम. पुढे ज्या ठिकाणी ती रक्कम द्यायची त्या ठिकाणालाच ते नाव पडले. आज खाणावळ ऐकल्यावर आपल्याला जागा दिसते, पैसे दिसत नाहीत.

या प्रत्ययाशी माझी स्वतःची ओळख काहीशी महागात झाली. एम.ए. नंतरच्या काळात, १९९३ साली, मी उपनगरातील एका खोलीसाठी ५,००० रुपये अनामत दिली होती. खोली सोडताना मालकांनी त्यातून साडेचारशे रुपये ‘रंगणावळ’ म्हणून वजा केले. भिंतीला मी आलो तेव्हाही रंग नव्हता आणि गेलो तेव्हाही नव्हता. मी आक्षेप घेतला. ते शांतपणे म्हणाले, ‘पुढच्या माणसासाठी लावावा लागेल ना.’ माझ्याजवळ कागद नव्हता, ओळखही नव्हती. शब्द मात्र व्याकरणशुद्ध होता.

गिरणगावातील खाणावळी प्रामुख्याने बायका चालवत. अनेकींचे नवरे वारले होते, आजारी होते किंवा बेकार होते. घरातल्याच चुलीवर दहा-बारा-पंधरा माणसांचा स्वयंपाक होई. कामगार महिनाभर जेवत आणि पगार झाला की पैसे देत. नवागताला महिनाभर उधार जेवू घालणारी ही संस्था होती. पण किराणा दुकानदार त्या बाईला फुकट उधारी देत नसे; तिला सावकाराकडे जावे लागे. म्हणजे नवागताचा प्रवेशखर्च आता तिच्या डोक्यावर येई. तो शेकड्याच्या भाषेत मोजला जाई. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते याच बायकांसाठी. तारणाऐवजी परस्परांच्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकांकडून त्यांना कर्ज मिळू लागले. ओळखीचे रूपांतर बँकेला मान्य होईल अशा पतीत करणे, हे त्या कामाचे मर्म होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप तुम्हाला इतिहासातून आणि मराठी नाटक-कथांतून परिचित आहे. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर मागे घेतला गेला नाही. गिरण्या एकामागून एक थंडावल्या. त्याबरोबर महिनाअखेरीस येणारा पगार गेला, आणि त्या पगाराच्या भरवशावर चालणारी खोली आणि खाणावळही मोडकळीला आली. नवागत येतच राहिले. त्यांना सामावून घेणारे गाव मात्र शहरात उरले नाही.

४. आजचा नवागत

आज मुंबईत येणाऱ्या एकट्या माणसाला, सडाफटिंग म्हणा किंवा नोकरदार मुलगी म्हणा, ‘कॉट बेसिस’वर जागा मिळते. एका खोलीत चार-सहा खाटा, प्रत्येक खाटेचे वेगळे भाडे. दिसायला हे गावाच्या खोलीसारखेच आहे. फरक एवढाच, की शेजारच्या खाटेवरचा माणूस तुमचा जामीन नाही आणि तुमचा पगार लांबला तर तो तुमचा वाटा भरणार नाही. प्रतिचौरस फुटाच्या हिशेबाने पाहिले, तर खाटेवर राहणारा पुष्कळदा सबंध घर घेणाऱ्यापेक्षा जास्त भाडे भरतो.

गरजेपुरती थोडी वस्तू घेणाऱ्याला ती महागच पडते. गावाहून तांदळाचे पोते येणाऱ्या घराचा आणि नाक्यावरून किलो-अर्धा किलो घेणाऱ्याचा भाव एक नसतो. कोकणातल्या माणसांनी पावसाळ्यानंतर एस.टी.वर चढवलेल्या पोत्यांनी आणि डब्यांनी मुंबईतील किती घरे चालवली, याचा हिशेब कोणत्याही खर्चाच्या तक्त्यात येत नाही. शिधापत्रिका आता दुसऱ्या ठिकाणच्या दुकानातही चालते, ही मोठी सोय झाली आहे. गावची पत्रिका शहरात वापरता येते हे माहीत नसल्यामुळे ती न वापरणारे मला अजून भेटतात.

भाडे परवडावे म्हणून माणूस दूर जातो. विरार चर्चगेटपासून ६० किलोमीटरवर, कल्याण मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ५० किलोमीटरहून अधिक. लोकलचा दुसऱ्या वर्गाचा पास हा या शहरातील बहुधा सर्वांत स्वस्त सौदा आहे, म्हणून प्रवासाचा खर्च थोडा वाटतो. तो रुपयांत न मोजता तासांत मोजून पाहा. घरापासून स्थानक, गाडी, स्थानकापासून कचेरी असे जाऊन-येऊन तीन तास धरले आणि महिन्याचे २६ दिवस, तर ७८ तास होतात. आठ तासांच्या जवळजवळ दहा पाळ्या! स्वस्त खोलीच्या बदल्यात नवागत दरमहा दहा दिवसांची मजुरी फुकट देतो, असे म्हणता येईल. तुम्ही तर अभ्यासही याच तासांतून काढता. हे पुस्तक उभ्याने, एका हाताने कडी धरून वाचणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, म्हणून या आकड्यावर थांबलो.

आणि आणखी एक खर्च आहे. जागा पाहायला गेल्यावर मालक किंवा सोसायटीचे पदाधिकारी विचारतात, ‘आडनाव काय?’ व्याकरणदृष्ट्या हा माहितीचा प्रश्न आहे. व्यवहारात तो निवाडा असतो. एकटी बाई, मुसलमान कुटुंब, दलित कुटुंब, मांसाहारी माणूस यांना ‘जागा कालच गेली’ हे उत्तर ठरलेले असते. नकार उघड दिला जात नाही, म्हणून त्याची दाद मागता येत नाही. ज्याला दहा जागा पाहिल्यावर अकरावी मिळते त्याचे दहा दिवस जातात, दलाली वाढते, आणि शेवटी तो जी मिळेल ती, सांगतील त्या अनामतीवर घेतो. एकच खोली दोन आडनावांना दोन किमतींत पडते. तक्ता करणाऱ्याने भाड्याच्या रकान्याशेजारी हा रकाना ठेवलेला नसतो.

‘ओळख’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. ‘त्यांची-माझी ओळख आहे’ यातील ओळख दोन माणसांमधली असते. ‘ओळखपत्र’ यातील ओळख एकट्या माणसाची, कागदावरची असते. गिरणगावाच्या काळात पहिली ओळख असली की शहरात शिरता येत होते. आज दुसरीशिवाय पान हलत नाही. गंमत अशी, की पत्त्याचा पुरावा असल्याशिवाय घर मिळायला अडचण, आणि घर असल्याशिवाय पत्त्याचा पुरावा मिळायला अडचण. झोपडपट्टी पुनर्वसनात तर कोणत्या तारखेपूर्वीपासून राहता याचा कागद हाच मालमत्तेइतका मोलाचा ठरला. १ जानेवारी १९९५ आणि नंतर १ जानेवारी २००० या तारखांवर कुटुंबांचे भवितव्य ठरले. अशा घरांत जुने वीजबिल दागिन्यांच्या डब्यात जपून ठेवलेले आढळते.

५. कृती

तुमच्या घराण्यातून मोठ्या शहरात सर्वप्रथम गेलेली व्यक्ती कोण, याचा शोध घ्या. ती हयात असेल तर तिच्याशी, नसेल तर तिच्यासोबत राहिलेल्या कोणाशी बोला. पहिली रात्र कोठे काढली, पहिल्या महिन्याचे जेवण कोणाकडे होते, पैसे केव्हा दिले, जागेसाठी किती रक्कम द्यावी लागली आणि ती कोठून आणली, हे विचारा. उत्तरे ऐकताना त्यांनी वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहून घ्या; ‘डिपॉझिट’ म्हणाले तर डिपॉझिट, ‘पेटी ठेवायला जागा’ म्हणाले तर तसेच. आपल्या शब्दांत बदलू नका. त्यानंतर आजच्या तुमच्या किंवा परिचितांच्या पहिल्या महिन्याचा हिशेब शेजारी मांडा. दोन्ही यादींतील कोणते शब्द समान आहेत, कोणते नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी कोणते आले, ते साधारण दोनशे शब्दांत लिहा. आईला किंवा आजीला विचारायला विसरू नका. खाणावळीचे पैसे बुडवून गेलेल्या माणसाचे नाव पुरुषांपेक्षा त्यांनाच अधिक नक्की आठवते, असा माझा अनुभव आहे.